बुधरीला काय सांगू

कोसमटोला, पो. धानोरा
जि. चांदा
१५ मार्च १९५४

ति. दादा व वहिनी यांना
वच्छलाचा सलाम.

तुमचं जाडजूड पाकीट परवाच्या बाजाराला मिळालं. पोस्टमन म्हणाला, "बाई, यात का जमिनीचे कागद हायेत?" मी म्हटलं, नाही रे बाबा, माझा भाऊ पाळक आहे, त्याला थोडक्यात लिहिता येत नाही. वहिनी, रागावू नका. तुम्ही दिलेल्या शेवया अजून पुरवून पुरवून खाते आहे. थोरलीचं सासर तिला मानवलं का ते कळवा. लग्नात ती इतकी रडली की मलाच वाईट वाटलं, आणि मी काही सहज रडणारी बाई नाही.

इकडे मोह गळायला लागला आहे. पहाटेपासून सगळं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली असतं, त्यामुळे शाळेत एकही पोर नाही. हे रिकाम्या शाळेत बसतात आणि तुमचं पत्र वाचतात. पुन्हा पुन्हा वाचतात. मोठ्यानं वाचतात. मला आता बरंचसं पाठ झालं आहे.

दादा, यांनी तुम्हाला विचारलं ते काही वाद घालायचा म्हणून नव्हतं. चांगल्या माणसांवर प्रभू दुःख का येऊ देतो, हा प्रश्न यांनी पूर्वी कधी विचारलेला मला आठवत नाही. माझी कूस उजवली नाही, तेव्हासुद्धा हे म्हणाले, "वच्छे, प्रभूला ठाऊक." आणि झोपले. मला त्या रात्री त्यांचा फार राग आला होता. पण लच्छू गेल्यापासून यांना झोप नाही.

लच्छू म्हणजे जंगू आणि बुधरीचा मुलगा. या गावात आपल्या विश्वासाचं तेवढं एकच घर. दोन वर्षांपूर्वी दोघांचा बाप्तिस्मा झाला. जंगू असा माणूस आहे की रानडुकरानं त्याचं धान खाल्लं तर म्हणेल, "त्याले बी पोरं असतीन." बुधरी कमी बोलते, पण गावात कुठं बाळंतपण असलं की पाण्याची पहिली घागर तिच्या डोक्यावरची. लग्नाला किती वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मग लच्छू झाला. तुमच्याकडच्या लग्नाहून मी परतले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा होता. थंडी कडाक्याची. पाणी डोक्याला लागताच पोर असं किंचाळलं आणि काकडायला लागलं, की यांनी सगळी उपासना थांबवून खांद्यावरचं कांबळं काढलं, त्याला गुंडाळलं, आणि प्रार्थना संपेपर्यंत स्वतःच छातीशी धरून डोलत राहिले. तुम्ही नाताळात दिलेलं तेच तांबडं कांबळं. सगळे हसत होते. मीही हसले.

फेब्रुवारी सरायच्या आत त्याला देवी आल्या. टोचायचं ठरलं होतं, आईबापांची तयारीही होती, पण पोर फारच लहान म्हणून टोचणाऱ्याच्या पुढच्या खेपेवर गेलं. त्याच्या अंगावर बोट ठेवायला जागा नव्हती दादा. मी पुष्कळ आजारी माणसं पाहिली आहेत. हे पाहू नये.

तर तुमच्या पत्रातली ती पाच कारणं. सोनं तावून सुलाखून निघतं ते पहिलं, बाप लेकराला वळण लावतो ते दुसरं. यांनी ती संध्याकाळच्या प्रार्थनेला वाचली. जंगू मान खाली घालून ऐकत होता. वाचून झाल्यावर बुधरी म्हणाली, "गुरुजी, थे तिसरं कारन पुन्हा वाचा." तिसरं म्हणजे घरात लपवून ठेवलेलं पाप. हे घाईघाईनं म्हणाले, "ते तुझ्यासाठी नाही गं." तिनं मान हलवली आणि उठून गेली.

तुम्ही लिहिलंत ते शास्त्राला धरूनच असणार. पण ते तिसरं कारण राहिलं असतं तर बरं झालं असतं.

ख्रिस्तात तुमची,
वच्छला


कोसमटोला
२९ मार्च १९५४

ति. दादांना सलाम.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. उत्तर धानोऱ्याच्या शाळेतल्या बाईंच्या पत्त्यावर पाठवा, मी बाजारच्या दिवशी घेईन.

ऊन फार तापतं. दुपारी पत्र्यावर भाकरी भाजून निघेल. विहिरीचं पाणी खाली गेलं आहे, आणि आमची तांबडी कोंबडी मुंगसानं नेली. लहानपणी चोरून चिंचा पाडल्या की मी तुम्हाला आधी गुरांच्या गोष्टी सांगायची, तसंच आता करते आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आधी बुधरीचं सांगते. तुमचं तिसरं कारण तिला लागू पडलं. लच्छू झाला तेव्हा तिच्या सासूनं, सोमारीनं, जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या पेनाला, म्हणजे कुळाच्या देवाला, मोहाची दारू वाहिली. बुधरीला कळलं होतं आणि ती गप्प राहिली. म्हातारीला आनंद झाला होता, तिला कशाला दुखवायचं, असं तिला वाटलं. झालं. आता ती म्हणते, देवानं ते पाहिलं आणि पोर परत मागून घेतलं. तिनं सोमारीला घराबाहेर काढलं आहे. म्हातारी गोठ्यात राहते. बुधरी स्वतः धड जेवत नाही. रोज पहाटे येऊन प्रार्थनाघर सारवते, सारवलेलं पुन्हा सारवते. मी हात धरला तर म्हणाली, "करू दे बाई. मापी मांगून राह्यली मी." जंगू दोन बायकांच्या मध्ये उभा राहतो. गोठ्याकडे गेला तर बुधरी रडते, न गेला तर म्हातारी.

आता दुसरं.

मी तुमच्याकडे लग्नाला होते तेव्हा पलीकडच्या बेलगट्ट्यात देवीची साथ होती. इथं साथ आली की गाव बांधतात. वेशीवर दोर ताणतात, त्याला डहाळ्या लावतात. मग बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही, घरात फोडणी नाही, पाहुणा नाही. आपण याला अंधश्रद्धा म्हणतो. हेही म्हणत होते. यांना वाटलं, माणसं आत मरताहेत आणि कोणी पाणी द्यायला जात नाही, तर प्रभूच्या माणसानं तरी जावं. आपल्या दोघांना लहानपणी टोचलेलं आहे, यांनाही आहे, म्हणून भीती नव्हती. दोर ओलांडून गेले. पेज पाजली, अंगं पुसली, एका पोराच्या उशाशी बसून राहिले. येताना नदीत अंघोळ केली, कपडे उकळून घेतले. निष्काळजी माणूस नाही हो तो. मी परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, "बेलगट्ट्याला जाऊन आलो." बाकीचं मला गावातल्यांकडून कळलं.

परवाच्या बाजारात मला पत्रू भेटला. बेलगट्ट्याचा. तो माझ्या पायाच पडायला लागला. म्हणाला, "बाई, तुमचा गुरुजी देवमानूस हाय. माहा बुधू थंडीनं कुडकुडत होता. गुरुजीनं आपलं कांबळं त्याच्यावर टाकलं अन् तसेच उघडे निंगून गेले. त्याच कांबळ्यात गेला माहा बुधू."

मी काहीतरी बोलले. सांत्वनाचंच काही असेल. तो पुढे म्हणाला, "आमच्यात मेलेल्याचं पांघरून त्याच्याच संगं देतेत. लोक म्हने, दे. पन मी म्हनलो, नाई, थंडीचे दिवस हायेत, गुरुजी काय पांघरंन? मंग गाव सुटल्यावर आमच्या गावच्या सुकलूच्या हातानं धाडलं. भेटलं ना बाई?"

मी म्हटलं, "भेटलं."

दादा, तुम्ही हुशार आहात, मी आणखी लिहायला नको. कांबळं इथं आलं तेव्हा मी नव्हते. यांनी ते नुसतं उन्हात घातलं असणार आणि त्यांना वाटलं असणार, देवीचा रोग गेला. मग बाप्तिस्म्याचा दिवस उजाडला.

मी बाजारातून चालत आले तेव्हापासून हेच घोकते आहे. तुम्ही थंडीत बहिणीच्या नवऱ्याला ऊब मिळावी म्हणून कांबळं दिलंत. यांनी ते मरत्या पोरावर घातलं. पत्रूनं मेलेल्या लेकाचं पांघरूण काढून दिलं, कारण दुसऱ्याला थंडी वाजेल. यांनी ते काकडणाऱ्या बाळाला गुंडाळलं. यातला एकही जण जरा कमी चांगला असता, जरा चिकट, जरा आळशी, तर लच्छू आज रांगायच्या बेतात असता. तुमच्या पाच कारणांत हे कुठं बसतं ते मला दाखवा. मी सगळी पानं उलटून पाहिली.

कांबळं मी जाळलं. यांना सांगितलं, चुलीची ठिणगी पडली. हे म्हणाले, "जाऊ दे, आता उन्हाळाच आहे." आणि उलट मलाच विचारलं, हात तर भाजला नाही ना.

हे रोज पहाटे गुडघे टेकून मोठ्यानं विचारतात, "प्रभू, जंगू-बुधरीसारख्यांवर का?" उत्तर मला माहीत आहे, आणि मी पलीकडे चहा गाळत असते. यांना हिवतापानं पोखरलं आहे, छातीची हाडं मोजून घ्यावीत. हे त्यांना कळलं तर ते काय करतील याचा विचारही मला करवत नाही. जन्मभरात या माणसानं एवढंच केलं आहे, कुणाला थंडी वाजली की स्वतःच्या अंगावरचं काढून दिलं. ते त्याच्याकडून काढून घेऊ? आणि नाही सांगितलं तर बुधरी त्या न केलेल्या पापापायी सुकून जाईल, म्हातारी गोठ्यात मरेल.

बुधरीला सांगितलं तर ते यांच्यापर्यंत पोचल्याशिवाय राहणार नाही. मला यावेळी कारणं नकोत. काय करू तेवढं लिहा.

तुमची,
वच्छला


कोसमटोला
२० एप्रिल १९५४

ति. दादांना सलाम.

तुमचं पत्र मिळालं. यावेळी एकच पान होतं, त्यावरूनच मला कळलं की तुम्हालाही सुचत नाही. गप्प राहा, तो साधा माणूस मोडून पडेल, बुधरीला प्रभू सांभाळील, असं तुम्ही लिहिलंत. ते कांबळं मी द्यायला नको होतं, असंही खाली लिहून खोडलंत. खोडलेलं मला वाचता आलं. दादा, तुम्ही पुन्हा असं म्हणू नका.

मी गप्प राहिले. वधस्तंभाच्या शुक्रवारपर्यंत राहिले.

त्या दिवशी आम्ही चौघंच होतो, आम्ही दोघं आणि ती दोघं. हे बोलायला उभे राहिले. म्हणाले, आपल्या प्रभूनंसुद्धा शेवटी वर पाहून, मला का सोडलंस, म्हणून विचारलं. मग म्हणाले, "आणि वरून कोणीच बोललं नाही." पुढं काही बोलायचं होतं, कागदावर लिहून आणलं होतं, पण ते खाली बसले. इतक्या वर्षांत यांचं एवढं खरं बोलणं मी ऐकलं नव्हतं. मला उठून यांचे पाय धरावेसे वाटले. बुधरी मात्र ऐकतच नव्हती. ती जमीन न्याहाळत होती, कुठं सारवण उखडलंय का.

शनिवारी सकाळी मी सोमारीला भाकर द्यायला गोठ्यात गेले. अंगात ताप. मुठीत सुकी मोहफुलं धरलेली, त्यातलीच चावत होती. मला म्हणाली, "सुनेले सांग बाई, मी पेनाले पुन्हा नाई जात. घरात घे म्हना." त्या म्हातारीनं एका नातवाच्या आनंदात दोन थेंब दारू सांडली होती. मी भाकर तिथं ठेवली आणि सरळ रानात गेले.

बुधरी मोहाखाली एकटीच वेचत होती. मी बसले आणि सांगून टाकलं. दोर, बुधू, कांबळं, सुकलू, बाप्तिस्मा. सगळं. मला वाटलं होतं ती किंचाळेल, नाहीतर यांना शिव्या देईल. मी त्याची तयारी करून गेले होते. ती वेचतच राहिली.

मग म्हणाली, "मंग त्या दारूनं नाई झालं?"

"नाही."

"माह्यानं बी नाई?"

"नाही गं बुधरी. तुझं काहीच चुकलं नाही."

"देवानं बी मांगलं नव्हतं?"

मी काय म्हणणार होते? मी पाळकाची बहीण, सुवार्तिकाची बायको. तीच पुढं म्हणाली, "अन् गुरुजीनं तं पोराले थंडी वाजू नये म्हनून घेतलं होतं."

"हो."

"मंग माहा लच्छू फुकटच गेला."

दादा, ती रडली नाही. हातातली फुलं टोपलीत टाकली आणि अगदी साध्या आवाजात, भाव विचारावा तसं विचारलं, "पाप होतं तं रोज उठून मापी मांगत होती. आता कोनाले काय मांगू? सकाळी उठून काय करू मी?"

मी तिच्याजवळ गेले तर ती सरकली. रागानं नाही. तिला वेचायला जागा हवी होती. जाताना एवढंच म्हणाली, "गुरुजीले मी नाई सांगत. सांगून कोनतं पोर येते?"

तिनं सोमारीला घरात घेतलं. त्याच दिवशी घेतलं, पेज करून पाजली, ही गोष्ट मला लिहिलीच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल मी वाईटच तेवढं लिहिते. म्हातारीचा ताप उतरला आहे.

पण पुनरुत्थानाच्या सणाला बुधरी आली नाही. जंगू एकटा येऊन मागं बसला. यांनी दोनदा दाराकडे पाहिलं, मग सुरुवात केली. संध्याकाळी हे तिच्या घरी गेले. मी मागोमाग गेले. तिनं यांना पाट दिला, पाणी दिलं. हे म्हणाले, "बुधरी, तू आली नाहीस. माझं काही चुकलं का?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमचं काई चुकलं नाई गुरुजी," म्हणाली. "मले आता काई मांगाचं नाई, म्हनून नाई आली." हे तिला समजावत राहिले, प्रभू तिला विसरला नाही म्हणून सांगत राहिले. ती ऐकून घेत होती, जशी एखादी मोठी बहीण धाकट्याचं ऐकून घेते. आम्ही निघालो तेव्हा तिनं यांना पसाभर मोहफुलं बांधून दिली.

घरी आल्यावर हे म्हणाले, "वच्छे, मी कमी पडलो. तिचं दुःख मला उचलता आलं नाही." आणि मी म्हटलं, "तुम्ही होईल तेवढं केलंत." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला माझ्याच आवाजाची भीती वाटली. आता आम्ही दोघी जणी या माणसाला सांभाळतो आहोत, आणि आमच्या दोघींना सांभाळायला कोणी नाही. तुम्ही म्हणाल, आहे. म्हणा. मी नाही म्हणत नाही. पहाटे यांच्या शेजारी गुडघे टेकते, यांना एकटं वाटू नये म्हणून ओठ हलवते. त्यापलीकडे माझ्यापाशी काही उरलेलं नाही, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे.

हे पत्र मी लिहिते आहे ते यांच्याच सांगण्यावरून. हे सकाळी म्हणाले, दादांना लिही. त्यांनी एवढा अभ्यास केला आहे, बुधरीला पटेल असं आणखी एखादं कारण त्यांच्याकडे असेल, ते पाठवा म्हणून कळव. आत्ताही बाहेरून विचारताहेत, "लिहिलंस का गं, मागितलंस का?" मी हो म्हणाले.

दादा, पाठवू नका. असलं तरी पाठवू नका.

तुमची बहीण,
वच्छला